बिराप्पाचं तळं, अल्लाबक्षची विहीर

आटपाडीच्या पूर्वेला डांबरी रस्ता एका ठिकाणी हात टेकतो आणि पुढचं काम गाडीवाटेवर सोडून देतो. त्या वाटेनं वर माळावर चढलं की लांडगेदरा नावाची वस्ती लागते. घरं बरीच आहेत, माणसं नाहीत. दारांना कुलपं आणि कुलपांना गंज. वस्तीतली तरणी पोरं सोनंचांदी गाळायच्या कामाला, गलाईला गेली, कुणी कोइमतूरला, कुणी पार बंगालात, आणि जिथं गेली तिथंच भट्टी पेटवून बसली. जत्रेला तेवढी येतात. चकचकीत गाड्या घेऊन येतात, ओढ्यातल्या दगडाला गाडी घासली म्हणून हळहळतात आणि परत जातात.

बिराप्पाचा मुलगा सूरज त्यातलाच. सून आणि नातही तिकडंच. नात प्रांजल आता फडाफडा तमिळ बोलते, असं बिराप्पा भेटेल त्याला अभिमानानं सांगायचा. सांगून झालं की दुसराच विषय काढायचा. कारण फोनवर ती "आजोबा" म्हणाली की पुढं तिच्याशी काय बोलावं ते त्याला कधीच सुचत नसे. "जेवलीस का?" झालं की संपलं.

तर अशा वस्तीत हा गडी एकटा राहत होता. मेंढरं होती, दोनचार शेरडं होती, एक म्हातारं कुत्रं होतं. आणि तळं होतं.

ते तळं म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव. बिराप्पाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. दुष्काळी कामावर माती वाहायची, सरकारी सुकडी खायची आणि संध्याकाळी बांधावरच आडवं व्हायचं, असे ते दिवस. तिथंच त्याची अल्लाबक्षशी गाठ पडली. अल्लाबक्षचा बाप विहिरी पाडणारा, आणि पोरगाही पहार घेऊनच जन्माला आल्यासारखा. मुकादम एकदा सगळ्यांना म्हणाला होता, "ह्ये पानी साठवायचं न्हाई, मुरवायचं हाय. वर भरंल, हळूहळू भुईत जाईल, मग खालच्या हिरी जित्या ऱ्हातील. तळं लौकर आटलं तर समजा काम झ्याक झालं."

त्यावर ही दोन पोरं पोट धरधरून हसली होती. एवढी माती डोक्यावरनं वाहायची, ती पाणी नाहीसं व्हावं म्हणून! बिराप्पा तर पुढं कितीतरी दिवस मुकादमाची नक्कल करून दाखवायचा.

पण झालं मुकादम म्हणाला तसंच. परतीच्या पावसात तळं भरायचं, दिवाळी मागं पडता पडता तळ दिसू लागायचा, आणि बांधाच्या पायथ्याशी अल्लाबक्षनं बापाबरोबर पाडलेली विहीर उन्हाळाभर पाणी द्यायची. अल्लाबक्षनं तिथं रानाचा तुकडा घेतला, घर बांधलं, झुबेदाशी लग्न केलं, आसिफला वाढवलं. सगळं त्या विहिरीवर.

बिराप्पाला त्या काळी तळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. तो कुठं गावात असायचा! दसरा झाला की तो आणि हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड टाकून कृष्णाकाठाला निघत. तिकडं उसाच्या पट्ट्यात शेतकरी मेंढरं रानात बसवून घेत, लेंडीखताला धान्य देत. पाऊस तोंडावर आला की माघारी. असं आयुष्य गेलं. हरणाबाई पुढं, घोडं मधे, मेंढरं मागं आणि सगळ्यात शेवटी शीळ घालत बिराप्पा.

मग एका साली हरणाबाई कृष्णाकाठालाच तापानं फणफणली आणि तिकडंच गेली. बिराप्पा एकटा मेंढरं घेऊन परत आला. घोडं विकून टाकलं. दसरा आला, गेला. तो हलला नाही. पुढं कुणी चालणारं नसताना वाटेला लागायचं कसं, हेच त्याला कळेना.

न हललेल्या माणसाला मेंढरं तर चारावीच लागतात. तळ्याचं पाणी जसं मागं सरे तसं काठाला कोवळं गवत फुटे. बिराप्पानं मेंढरं तिथं उतरवली. गारवा होता, चारा होता, पाणी तोंडाशी. पाणी हातभर सरलं की मेंढरं हातभर पुढं. रात्रीही वाघर तिथंच लावायची, म्हणजे जाळं उभं करून कळप आत कोंडायचा, आणि आपण उशाला घोंगडं घेऊन पाण्याकडं बघत पडायचं. पाण्यात चांदणं उतरायचं, बगळे यायचे, पाणकोंबड्या पोरांसारखा कालवा करायच्या. बायको गेल्यावर पहिल्यांदा त्याला कुठं बरं वाटलं असेल तर तिथं.

एकदा एक खट्याळ कोकरू पाणकोंबडीच्या मागं लागून चिखलात तोंडावर आपटलं आणि बिराप्पा खदाखदा हसला. अल्लाबक्ष तेव्हा बांधावर बसला होता. तो काहीतरी बोलायला म्हणूनच वर आला होता. "बिरू, मी काय म्हन्तो, ही मेंढरं हितं..." अशी त्यानं सुरुवातही केली होती. बिराप्पा डोळे पुसत वळला, "काय रं?" अल्लाबक्षनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. "काय न्हाई. च्या प्यायला ये म्हनलं." आणि दोघं खाली चहाला गेले.

चहाचं त्यांचं ठरलेलं होतं. बिराप्पानं शेरडाचं दूध आणायचं, अल्लाबक्षनं चूल पेटवायची. झुबेदा गेल्यापासून तर तो चहा म्हणजे दोघांचं दिवसातलं मोठं काम. बोलणं बेताचंच. पण दुसऱ्या माणसानं फुंकर मारून चहा पिण्याचा आवाज कानावर पडला की दिवस पार पडल्यासारखा वाटतो, हे एकट्या माणसालाच कळतं.

वर्षं गेली आणि तळं नावारूपाला आलं. आधी ते होळीपर्यंत टिकू लागलं, मग पाडव्यापर्यंत. खालून मोटारसायकलवर जाणारे थांबून म्हणायचे, "बिरूनाना, तुमचं तळं आटतच न्हाई की!" नाना खूश. जसं काही आपणच ओंजळीनं आणून भरलंय, अशा तोऱ्यात तो मिशीवरनं हात फिरवायचा.

आणि त्याच वर्षांत अल्लाबक्षची विहीर मात्र खाली खाली चालली. आधी मोटार थांबून थांबून चालू लागली, मग अल्लाबक्षनं ती वर काढून ठेवली आणि रहाटावर आला. मग पोहरा नुसता चिखल घेऊन वर येऊ लागला. खालच्या गावात योजनेचं पाणी आलं होतं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. पण ते पाणी माळ चढून वर येत नाही. खालच्या बोअरनी वरचं पाणी ओढलं असं बिराप्पाचं मत होतं. अल्लाबक्ष त्यावर नुसता हूं म्हणायचा.

शेवटी आसिफ आला. त्याचं इस्लामपुरात जळालेल्या पाण्याच्या मोटारी बांधून द्यायचं दुकान आहे, पोरगा सरळ आहे, बापाला जीव लावणारा. त्यानं कोरड्या विहिरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, आता प्यायलाबी न्हाई. चला."

अल्लाबक्षनं फार ओढून धरलं नाही. एक पेटी आणि एक गाठोडं. रहाटाचा दोर आणि पोहरा त्यानं बिराप्पाच्या हातात दिला. "मेंढरं माझ्या रानात बसव की, बिरू. रिकामंच हाय आता."

"छ्या! तळ्यातलं कोवळं गवत सोडून तुझ्या ढेकळांत व्हय?"

"तरी बघ," अल्लाबक्ष म्हणाला. मग गाडीत बसता बसता म्हणाला, "हिरीला पानी आलं की सांग. त्याच दिशी एष्टीत बसतो."

ते बिराप्पानं मनात गाठ मारून ठेवलं. गाडी धुरळा उडवत गेली आणि कुत्रं थोडं मागं धावून परत आलं. दुसऱ्या दिवशी सवयीनं त्यानं शेरडाचं दूध काढलं, भांडं घेऊन खाली गेला, आणि कुलपासमोर उभं राहिल्यावर त्याला आठवलं. दूध कुत्र्याला घातलं.

मग त्याचा एक चाळा सुरू झाला. रोज विहिरीवर जायचं आणि एक खडा आत टाकायचा. खाली खडकावर ठक् वाजायचं. तो आवाज ऐकून परत यायचं. पावसाळ्यात गेला, ठक्. तळं काठोकाठ भरलं तेव्हा मोठ्या आशेनं गेला, ठक्. वर समुद्रासारखं पाणी आणि खाली ठणठणीत कोरडं, बांधाच्या ह्या अंगाला आणि त्या अंगाला. बिराप्पा चिडला. विहिरीवर चिडला, डाळिंबवाल्यांवर चिडला, देवाला चार शिव्या घातल्या. तळ्यावर मात्र नाही. तळं त्याचं होतं.

चैत्र सरून वैशाख लागला तेव्हा एका दुपारी वळीव आला. तास-दीड तास धो धो कोसळला आणि निघून गेला. ऊन पडलं. बिराप्पा खिशात खडा घालून निघाला. तहानलेली जमीन पाणी पिऊन मोकळी झाली होती. ढेकळं वरनं कोरडी पडू लागली होती. फक्त अल्लाबक्षच्या रानात, बांधालगत, एका गोल जागेत पाणी तसंच साचलं होतं. कुत्रं पुढं पळालं आणि त्यातलं लपालपा पिऊ लागलं.

ते जुनं खळं होतं. ज्वारीची मळणी यंत्रावर गेल्यापासून त्यावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. बिराप्पा बघत उभा राहिला. हे खळं त्यानंच तर केलं होतं! पूर्वी दसऱ्याला वाटेला लागायच्या आधी सगळे त्यालाच खळी करायला बोलवत. बैलाच्या खुरानं खळं उखडतं, मेंढराच्या बारीक खुरानं घट्ट बसतं. हरणाबाई पाणी शिंपडायची, वर लेंड्या पसरायची, आणि बिराप्पा कळप गोल गोल फिरवायचा. ओली माती, लेंडी आणि खूर. असं बसायचं खळं की ज्वारीचा दाणा रुतायचा नाही, की पाण्याचा थेंब आत जायचा नाही. "बिरूच्या मेंढरांनी चोपल्यालं खळं" म्हणून त्याचा लौकिक होता.

खिशातला खडा खिशातच राहिला.

तो तिथून तरातरा तळ्यात गेला. मधे चुळकाभर पाणी उरलं होतं, बाकी सगळा तळ उघडा, काळाभोर, गुळगुळीत. त्यानं घरून पहार आणली आणि घाव घातला. पहार उसळली. पुन्हा घातला. मग एक जाड खपली निघाली, पाटीसारखी, आत लेंड्या दिसत होत्या. तिच्या खाली त्यानं हात घातला तर मुरूम कोरडा ठाक, पिठासारखा. वरती वर्षानुवर्षं पाणी उभं होतं आणि वीतभर खाली भुईला थेंब मिळाला नव्हता.

बिराप्पा ती खपली मांडीवर घेऊन बसला. ओली माती, लेंडी आणि खूर. साऱ्या तळ्याचं त्यानं खळं केलं होतं. आपला एकटेपणा घालवायला तिथं जाऊन बसला, आणि जो एक माणूस त्याच्यासाठी चहा ठेवत होता त्याची विहीर स्वतःच्या हातानं आटवली. त्याला रडू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळं त्यानं ते आवरलंही नाही.

खालच्या गावातला भाऊसो ट्रॅक्टर चालवतो. बिराप्पा त्याच्याकडं गेला. गाळ सोन्यासारखा आहे, डाळिंबाला घाल, त्या बदल्यात तळ्याचा तळ नांगरून दे, अशी बोली झाली. भाऊसो तळ्यात उतरला आणि चक्रावला. "नाना, एवढं झ्याक पानी धरनारं तळं, आन नांगर घालायचा? येड लागलंय व्हय? सगळं पाझरून जाईल की!"

"जाऊ दे," बिराप्पा म्हणाला. "त्यापायीच बांधलंय त्ये."

नांगराचा फाळ आत शिरेना. भाऊसोनं शिव्या दिल्या, फाळ बदलला, पुन्हा उतरला. काळ्या फरश्या उलथून पडू लागल्या. गाळाच्या ट्रॉल्या खाली गेल्या, तळ खरबरीत झाला. बिराप्पा रोज बांधावर बसून बघत होता. मेंढरं त्यानं अल्लाबक्षच्या रानात बसवली. पहिल्या रात्री ती सारखी तळ्याकडं तोंड करून ओरडत होती आणि त्याची त्यांच्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

भाद्रपदात पावसानं डोळे वटारले. बिराप्पाचा जीव टांगणीला लागला. तळं फोडून ठेवलं आणि पाऊसच आला नाही तर? पण परतीचा पाऊस आला, ओढे भरून आला. तळं भरलं. बगळे आले, पाणकोंबड्या आल्या. बिराप्पा काठावर उभा राहिला, खाली मात्र उतरला नाही.

आणि मग पाणी जाऊ लागलं. रोज सकाळी यावं तर कालची ओल वर आणि पाणी खाली. घरातून एकेक माणूस उठून जावं तसं ते निघालं. ह्याच्यासाठीच तर नांगर घातला होता, तरी तो काठी रोवून पाणी किती उतरलं ते मोजत राहिला. दिवाळीला मुलगा येणार होता, आला नाही. त्याच सुमाराला तळ्याचा तळ दिसला. पाखरं उठून कुठंतरी दुसरीकडं गेली. रात्री बिराप्पाला कसलाच आवाज येईना. कुत्रंही भुंकायला कंटाळलं होतं.

तळं पुरतं आटलं त्या सकाळी तो खाली विहिरीवर गेला. खडा टाकायला हात वर केला आणि तसाच थांबला. भीती वाटली. मग डोळे मिटून त्यानं खडा सोडला.

डुबुक्.

म्हातारा माणूस धावतो म्हणजे कसा धावतो ते बघायला तिथं कुणी नव्हतं, हे बरंच झालं. घरून दोर आणला, पोहरा आणला, बटणांचा फोन आणला. विहिरीच्या काठावर बसून त्यानं इस्लामपूरला फोन लावला. आसिफनं उचलला.

"आसिफ, अब्बाला दे! हिरीला पानी आलंय. त्याला म्हनावं एष्टीत बस. आजच बस."

पलीकडं पोरगा फोन घेऊन बाजूला गेला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, अब्बा फरशीवरनं घसरून पडलं. गनपतीच्या आधी. खुब्याचं हाड मोडलंय. उठता येत न्हाई आता. डाक्टर म्हन्तो, चालनं अवघडच. तुमाला कळवू नको म्हनालं, एकटा हाय तिथं, जिवाला लावून घेईल म्हनून."

बिराप्पानं विहिरीत पाहिलं. खाली पाणी चमकत होतं. त्यात त्याचंच डोकं दिसत होतं.

"देतो अब्बाकडं," आसिफ म्हणाला.

"बिरू?" अल्लाबक्षचा आवाज बारीक झाला होता. "आलं व्हय रं पानी?"

"आलं."

"खरंच?"

"थांब." बिराप्पानं फोन रहाटाच्या खांबाशी ठेवला, पोहरा सोडला. दोर सरसरत गेला. खाली पोहरा आपटला, कलला, बुडबुडला, भरला. त्यानं फोन उचलला. "ऐकलंस?"

"ऐकलं." पलीकडं श्वास ऐकू येत होता.

"अल्लाबक्षा, तुला एक सांगायचं हाय. तुझी हीर मीच मारली गड्या. माझ्या मेंढरांनी तळं चोपलं. बोअरचं कायबी नव्हतं. खळं केलं मी तळ्याचं. तू गाव सोडलंस ते माझ्यापायी."

बिराप्पानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"मला ठावं व्हतं रं," अल्लाबक्ष म्हणाला.

"काय?"

"हिरी पाडन्यात जल्म गेला माझा. मला कळनार न्हाई व्हय? पैल्याच साली कळलं. सांगायला वर आलो व्हतो. तवा तू त्या कोकराला हसत व्हतास. हरनावैनी गेल्यापासनं हसला नव्हतास. मग कसं बोलू? म्हनलं, ऱ्हाऊ दे. पानी काय, आज न्हाई उद्या येतंय."

बिराप्पा काठावर बसून राहिला. त्याला ते कोकरू आठवलं, बांधावरचा अल्लाबक्ष आठवला, अर्धवट सोडलेलं ते वाक्य आठवलं. त्या वाक्याचा पुढचा भाग इतकी वर्षं विहिरीच्या तळाशी कोरडा पडून होता.

"मेंढरं कुठं बसवतोस आता?" अल्लाबक्षनं विचारलं.

"तुझ्या रानात."

"हां. झ्याक." तो थोडा खोकला. "बिरू, फोन ठिऊ नगंस. पानी शेंद. मेंढरांना पाज. मी ऐकतो."

बिराप्पानं फोन पुन्हा खांबाशी नीट टेकवून ठेवला. पोहरा सोडला, भरला, ओढला, दगडी डोणीत ओतला. मेंढरं पाण्याच्या वासानं धावत आली आणि डोणीत तोंडं घालून पिऊ लागली. रहाट करकरत होता. तो शेंदत राहिला. डोण भरून वाहू लागली तरी शेंदत राहिला, कारण फोनवर अजून कुणीतरी होतं.